गिअरबॉक्स उतरवण्याआधी ऑइल तपासा

गिअर नीट पडत नाही म्हणून गाडी गॅरेजला नेली आणि मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवायला सांगितला, तर होकार देण्याआधी एवढंच विचारा: ऑइलची पातळी पाहिली का? ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांची असते आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये शंभर-दोनशे रुपयांत होते. गिअरबॉक्स उतरवून उघडायचा म्हटला की छोट्या गाडीलाही आठ-दहा हजारांपासून सुरुवात होते. गाडी ऑटोमॅटिक असेल तर आकडा लाखाच्या घरात जातो.

इंजिनातलं ऑइल वापरात थोडंफार जळतं, म्हणून ते अधूनमधून कमी भरणं समजण्यासारखं आहे. गिअरबॉक्समधलं ऑइल जळत नाही. ते बंद घरात असतं, गिअरच्या दात्यांबरोबर फिरतं आणि परत तळाशी येतं. त्याची पातळी खाली गेली असेल तर ते कुठून तरी गळलेलं असतं, नाही तर मागच्या वेळी पुरतं भरलेलंच नसतं. त्यामुळे "टॉप-अप करून दिलंय" एवढ्यावर पैसे देऊन निघू नये. कुठून गेलं ते दाखवा, असं मिस्त्रीला म्हणावं. हा लेख मुख्यतः त्या एका प्रश्नासाठी आणि त्याच्या उत्तराला किती पैसे पडतात हे सांगण्यासाठी आहे.

हे सगळं अंकुशनगरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळची समर्थ सहकारी साखर कारखान्याची वसाहत, सोलापूर-धुळे महामार्गाच्या पट्ट्यातली. इथल्या गाडीला मिळणारी वागणूक शहरातल्या गाडीपेक्षा वेगळी असते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर रांगावं लागतं. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती गाडीच्या पोटाला लिंपून बसते आणि तिच्याखाली गळती महिनोन्‌महिने दिसत नाही. घरी ट्रॅक्टर असतो, त्याच्या ऑइलचा डबा असतो, आणि गाडी बंद पडली की त्याच ट्रॅक्टरला दोर बांधला जातो. शहागड, वडीगोद्री, अंबडला गॅरेज आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी मात्र जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. कोणतं काम जवळ करावं आणि कोणत्या कामासाठी तेवढी खेप करावी, हे आधी ठरवलं तर पैसा वाचतो.

पुढे दिलेले भाव ढोबळ पल्ले आहेत. गाडी, ऑइलचा ब्रँड आणि गॅरेज यांनुसार ते खाली-वर होतील. घासाघीस करताना हाताशी एक माप असावं, एवढ्यासाठी ते दिले आहेत.

आधी गिअरबॉक्स कोणता ते ओळखा

क्लचचं पेडल असलेली गाडी म्हणजे मॅन्युअल, यात गोंधळ नाही. गोंधळ दोन पेडलांच्या गाडीत होतो. तिला सगळे सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात, पण आत चार वेगवेगळे प्रकार असू शकतात आणि चौघांचं ऑइल वेगळं असतं.

आपल्याकडे छोट्या गाड्यांत सर्वाधिक दिसणारा प्रकार एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमधून तो भारतात आणला आणि त्याला एजीएस असं नाव दिलं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. त्यामुळे त्यात मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं. ज्या गाड्यांत हे यंत्र तेलाच्या दाबावर चालतं, त्यांत एका छोट्या टाकीत वेगळं हायड्रॉलिक ऑइलही असतं. दुसरा प्रकार जुना, टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात एटीएफ नावाचं पातळ, बहुधा लाल ऑइल लागतं. तिसरा सीव्हीटी, यात गिअरऐवजी पट्टा आणि दोन पुली असतात, आणि त्याला सीव्हीटीचंच ऑइल चालतं. चौथा दोन क्लचचा डीसीटी. त्यातही क्लच कोरडा की ऑइलमध्ये बुडालेला, यावर ऑइलचं प्रमाण आणि किंमत ठरते.

एएमटीच्या गिअरबॉक्समध्ये 'ऑटोमॅटिक आहे' म्हणून एटीएफ ओतलं, किंवा सीव्हीटीत साधं एटीएफ भरलं, तर ऑइल नवं असूनही गिअरबॉक्स बिघडतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत ऑइलचा प्रकार, दर्जा आणि किती लिटर ते छापलेलं असतं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि गॅरेजला गेल्यावर तो दाखवा. सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तिका आली नसेल, तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते.

जमिनीवरचा डाग काय सांगतो

संध्याकाळी गाडी फरशीवर किंवा सपाट जागी लावा, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि सकाळी पाहा. त्याआधी गाडीचं पोट पाण्याने धुऊन घ्या. काळी माती निघाल्याशिवाय गळतीची जागा सापडत नाही. खालून धुण्याचे दीडशे ते तीनशे रुपये होतात आणि ते वाया जात नाहीत.

रंग नसलेला, वास नसलेला ओलावा एसीचं पाणी असतं, ते सोडून द्या. हिरवा, गुलाबी किंवा निळसर, बोटाला चिकटणारा थेंब कूलंटचा. काळपट ऑइल बहुधा इंजिनाचं. गिअर ऑइल पिवळसर-तपकिरी, जाड, आणि त्याला गंधकाचा उग्र, कुजका वास येतो; एकदा घेतला की पुन्हा विसरत नाही. लाल थेंब एटीएफचा असू शकतो, पण काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच ऑइल असतं, म्हणून तो नेमका कुठे पडला ते पाहा. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथून चाकाकडे जाणारा दांडा गिअरबॉक्समधून निघतो तिथे ओल असेल, तर त्या दांड्याचं ऑइल सील गेलेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून थेंब पडत असेल, तर काम मोठं आहे, कारण तिथलं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

मॅन्युअल गाडीची पातळी

बहुतेक मॅन्युअल गाड्यांत गिअर ऑइलला पातळी मोजायची पट्टी नसते. गिअरबॉक्सच्या कडेला एक नट असतो, तो काढला की त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल असायला हवं. करंगळी घालून पाहिलं तर लगेच बोटाला लागलं पाहिजे, किंवा एखाद-दुसरा थेंब आपसूक बाहेर यायला हवा. बोट आत वाकवूनही कोरडं निघालं, तर पातळी खाली आहे.

गाडी चारही बाजूंनी सपाट असली पाहिजे. फक्त पुढची बाजू जॅकवर उचलून पातळी पाहिली तर ती चुकीची दिसते. नुसत्या जॅकच्या भरवशावर तर गाडीखाली कधीही शिरू नका; जॅक निसटून माणसं दगावली आहेत. गॅरेजचा खड्डा किंवा लिफ्ट ही त्यासाठीची जागा. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पातळी दोन ठिकाणी पाहायची असते, गिअरबॉक्सला आणि मागच्या क्राउनला, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शिअलला. क्राउनकडे दुर्लक्ष होतं आणि तो कोरडा पडला की आवाजानेच कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

ऑइल बदलताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी भरायचा नट सैल करून पाहावा, मगच खालचा काढायचा नट उघडावा. भरायचा नट गंजून अडकला आणि जुनं ऑइल आधीच सांडून झालेलं असेल, तर गाडी तिथेच अडकून पडते. खालच्या नटाला चुंबक असेल तर त्यावर करडा, मऊ लगदा दिसेल. तो झिजेचा बारीक चुरा आहे आणि लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत तो असणारच. बोटाला टोचणारे तुकडे किंवा दात्याचा कण मिळाला, तर गिअरबॉक्स उघडण्याची शिफारस खरी आहे, असं समजा. ऑइल काढताना समोर उभं राहा; या एका नटावरून जे कळतं ते नंतर कुणी सांगून कळत नाही.

कोणतं ऑइल आणि किती रुपये

ट्रॅक्टरच्या घरात '९० नंबर' नावाने ओळखलं जाणारं ऑइल असतंच. तेच गाडीत ओतावं असा मोह होतो. ९० हा फक्त जाडीचा आकडा आहे. डब्यावर त्याबरोबर जीएल-४ किंवा जीएल-५ असंही लिहिलेलं असतं आणि ते जास्त महत्त्वाचं. जीएल-५ मध्ये दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जवळपास दुप्पट असतात. मागच्या क्राउनला ती लागतात. पण गिअर अलगद जुळवणाऱ्या, गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्यातली काही रसायनं त्रास देतात, आणि ऑइल जास्त निसरडं असल्याने रिंगा नीट पकडतही नाहीत. 'जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा, तोच भारी' हा समज चुकीचा आहे. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. ट्रॅक्टरच्या गिअर, ब्रेक आणि हायड्रॉलिक अशा तिन्ही कामांसाठीचं एकत्र ऑइलही गाडीत घालू नये.

मारुतीच्या छोट्या गाड्यांना साधारण दोन ते अडीच लिटर गिअर ऑइल लागतं, बहुतेकदा ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० जाडीचं. लिटरला साडेतीनशे ते सातशे रुपये धरा. जवळच्या गॅरेजची मजुरी दोनशे ते पाचशे, नटाच्या वॉशरचे वीस-पन्नास. म्हणजे सगळं मिळून नऊशे ते तेवीसशे रुपयांत काम व्हायला हवं. सर्व्हिस सेंटरमध्ये हेच दोन ते तीन हजारांपर्यंत जाईल. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि क्राउन दोन्ही बदलले तर अडीच ते साडेचार हजार. हे काम शहागड-वडीगोद्रीच्या चांगल्या मिस्त्रीकडे निर्धास्त करावं, त्यासाठी संभाजीनगरची खेप करायची गरज नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र गिअरबॉक्सचा नटही बाहेर उघडू देऊ नका.

दर किती किलोमीटरला बदलायचं ते पुस्तिका सांगते. ती हाताशी नसेल तर ४० ते ६० हजार किलोमीटर हा सुरक्षित पल्ला आहे. चिखलात, ओझ्याने आणि ट्रॉल्यांमागे चालणाऱ्या गाडीला ४० हजारांकडचा आकडा धरावा.

ऑइल खरेदी करताना बंद डबा घ्या. झाकणाचं सील, बॅच क्रमांक, निव्वळ प्रमाण आणि छापील किंमत पाहा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदा आहे. पिंपातून मापाने ओतून दिलेलं सुटं ऑइल स्वस्त पडतं, पण त्यावर दर्जा लिहिलेला नसतो आणि बिघाड झाला तर हातात पुरावा उरत नाही. काढलेलं जुनं ऑइल नालीत किंवा विहिरीच्या बाजूला ओतू देऊ नका. गोळा करणाऱ्याला द्यायला सांगा.

गळतीचा खर्च

चाकाच्या दांड्याचं सील स्वतः दीडशे ते पाचशे रुपयांचं असतं. मजुरी सहाशे ते दीड हजार, वर थोडं ऑइल. दोन-अडीच हजारांत सुटणारी ही गळती लांबवली तर पुढच्या हंगामापर्यंत गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर येते.

इंजिन-गिअरबॉक्सच्या मधल्या सीलचं गणित वेगळं आहे. सील शे-दोनशेचंच, पण गिअरबॉक्स उतरवून चढवायची मजुरी छोट्या गाडीला दोन ते साडेचार हजार. एवढं उघडलंच आहे तर क्लच प्लेट तपासून घ्या. ऑइल लागलेली प्लेट धुऊन वापरण्यात अर्थ नाही, ती पुन्हा घसरते. छोट्या मारुतीचा क्लच सेट साडेतीन ते साडेसहा हजारांत, मोठ्या डिझेल गाडीचा आठ ते पंधरा हजारांत येतो. आज सील बदलून सहा महिन्यांनी क्लचसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवला, तर मजुरी दोनदा जाते. उलट प्लेट कोरडी आणि जाड असेल तर 'उघडलंच आहे तर टाकून देऊ' या आग्रहाला बळी पडायचं कारण नाही. काढलेली प्लेट हातात घेऊन पाहावी.

दोष ऑइलचा की क्लचचा

इथेच सर्वाधिक पैसे चुकीच्या कामावर खर्च होतात. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनात ते अलगद पडतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, रिव्हर्सला खरखर होते, तर क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचची तार, क्लच ऑइलची पातळी आणि पेडलची ठेवण आधी पाहावी. तार बदलायला पाचशे ते हजार रुपये लागतात, आणि गिअर ऑइल बदलून यात फरक पडत नाही.

थंडीच्या सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड आणि नंतर मोकळे, तर ऑइल जुनं झालंय किंवा जाडीने चुकीचं भरलंय. इथे ऑइल बदलल्याचा उपयोग होतो. फक्त दुसरा किंवा फक्त तिसरा गिअर टाकताना खरखर होत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलीय. नवीन ऑइलने थोडं मऊ वाटेल, बरं होणार नाही. गिअरबॉक्स उघडण्याचे आठ ते पंचवीस हजार तेव्हा खरोखर लागतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घुमण्याचा आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पहिल्या शाफ्टचं बेअरिंग संशयात आहे. पण आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळतानाही येत असेल, तर आधी चाकाचं बेअरिंग तपासा. त्याचा खर्च हजार ते तीन हजारांतला आहे, आणि त्या आवाजासाठी गिअरबॉक्स उघडून घेणारे लोक कमी नाहीत.

अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी मागे राहते, तर क्लच घसरतोय. उसाच्या ट्रॉल्यांमागे एएमटी गाडीत जळका वास येतो तोही क्लचचाच असतो. रांगत जाण्याऐवजी पुढच्या ट्रॉलीला अंतर काढू द्या आणि मग एकदम पुढे जा. एएमटीत ब्रेकशिवाय, अॅक्सिलरेटरवर गाडी चढावर धरून ठेवू नका.

ऑटोमॅटिक असेल तर

ज्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांना पट्टी आहे, त्यांत तपासणी गरम गाडीत करायची असते. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून सपाट जागी लावा, ब्रेक दाबून गिअरचा दांडा पी-आर-एन-डी असा एकेका जागी क्षणभर थांबवत पुन्हा पी वर आणा. इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढा, सुताचे धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पुन्हा घालून पाहा. होंडाच्या गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहायचं असतं. म्हणून पुस्तिका वाचल्याशिवाय पट्टीला हात लावू नये. कमी ऑइलइतकंच जास्त ऑइलही वाईट, कारण फिरणारे भाग त्याचा फेस करतात आणि दाब पडतो.

आताच्या बहुतेक गाड्यांना पट्टीच नाही. त्यात खालचा नट उघडून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान ठरावीक अंशांत आल्यावर पातळी पाहतात. स्कॅनर नसलेल्या गॅरेजमध्ये हे काम करून घेऊ नका. इथे जालना किंवा संभाजीनगरची खेप सार्थकी लागते.

ऑइल लाल किंवा लालसर-तपकिरी आणि पारदर्शक असेल तर ठीक. काळं, जळक्या वासाचं असेल तर आतल्या क्लचच्या थाळ्या झिजत आहेत. डी किंवा आर टाकल्यावर गाडीने दोन-तीन सेकंद घेणं, वेग बदलताना थरथरणं, इंजिनाचे फेरे वाढूनही वेग न वाढणं ही लक्षणं दिसली, तर पातळी त्याच आठवड्यात तपासा. पातळी कमी असल्यानेही हीच लक्षणं दिसतात, आणि त्या अवस्थेत सापडली तर गिअरबॉक्स वाचतो.

टॉर्क कन्व्हर्टरचं ऑइल खालून काढलं तर एका वेळी साधारण निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. साडेतीन ते पाच लिटर लागतं. लिटरला सहाशे ते दीड हजार, फिल्टरसह एकूण पाच ते दहा हजार. सीव्हीटीला साडेचार ते आठ हजार. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या डीसीटीला दहा ते सोळा हजार. हे महाग वाटतं, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची दुरुस्ती साठ हजारांच्या खाली क्वचित होते.

'लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही' असं सांगितलं जातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्सचं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात त्यापेक्षा उशीर करू नये. मात्र ज्या गाडीचं ऑइल कधीच बदललेलं नाही, तिला मशीनने दाब देऊन धुण्याची सेवा विकत घेऊ नका. साठलेला गाळ सुटून झडपांत अडकतो. साधं काढून भरा, हजारभर किलोमीटरने पुन्हा एकदा.

पुणे-मुंबईहून स्वस्तात येणारी दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी घेणार असाल, तर ती पूर्ण थंड असताना पाहायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. गिअरबॉक्सच्या ऑइलचं एकही बिल नसेल, तर दोनदा ऑइल बदलण्याचे पंधरा हजार किमतीतून वजा करून बोला.

पाणी आणि दोर

गोदाकाठच्या गावांनी २०२५ च्या सप्टेंबरात पूर पाहिला. अशा पाण्यातून किंवा भरलेल्या ओढ्यातून गाडी काढली आणि ती बंद न पडता घरी आली, की लोक निश्चिंत होतात. गिअरबॉक्स आणि क्राउन या दोन्हींना श्वास घेण्याची एक बारीक नळी असते. चालून तापलेला क्राउन थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या नळीत माती बसली असेल तर उलटा त्रास होतो: आतला दाब बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि चांगलं सीलही गळू लागतं. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी चढलं असेल तर आठवडाभरात दोन्ही नट उघडून पाहा. ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला, दोनशे-चारशे किलोमीटरने पुन्हा बदला, आणि नळी साफ करून घ्या. दोन वेळचे चार हजार गेले तरी गंजलेल्या बेअरिंगांपुढे ते थोडे आहेत. गाडी ओढ्यात न जाताही पाणी शिरलं असेल, तर काही ऑटोमॅटिक गाड्यांत रेडिएटरमधला ऑइल थंड करणारा भाग फुटलेला असतो. तेव्हा कूलंटही तपासा.

मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढून आणली तर चालतं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी गाडी, जिची पुढची चाकं इंजिनाने फिरतात, ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. आतला ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की भाग कोरडे फिरतात. चिखलातून पाच-दहा फूट बाहेर काढणं वेगळं, महाकाळ्याहून अंबडला नेणं वेगळं. अशी गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या वाहनावरच न्यावी. साठ-सत्तर किलोमीटरला साडेतीन ते सहा हजार पडतात. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतलेली असेल तर अनेकदा हे फुकट होतं; त्या जोडीचा वर्षाचा हप्ता काहीशे रुपयांचा असतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ती घ्याच.

बिल

काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर आलं तरी चालेल. त्यात ऑइलचा ब्रँड, दर्जा, लिटर, सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी असावी. काढलेले भाग परत मागा. अडीच लिटरच्या गाडीला चार लिटरचं बिल लागलं असेल तर उरलेला डबा तुमचा आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ होता. बिलात अजून २८ दिसला तर विचारा. मजुरी आणि ऑइलवरही १८ टक्केच. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसताना कर लावला असेल, तर तो देऊ नका. पण कर वाचवायचा म्हणून बिलच न घेणं तोट्याचं आहे. साधी सही-तारखेची पावतीही पुढे पुरावा ठरते.

चुकीचं ऑइल भरून किंवा नट सैल ठेवून गिअरबॉक्स निकामी झाला, तर ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतली त्रुटी आहे. आधी गॅरेजला लेखी कळवा, दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, जुनं ऑइल बाटलीत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. गॅरेज पुण्यात असो की संभाजीनगरात, २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे अंकुशनगरच्या माणसाने जालन्यालाच जायचं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, त्यामुळे गिअर ऑइलचं प्रत्येक बिल किमान तेवढा काळ गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.